पाळकाची पारख : प्रस्तावना

ही पुस्तिका पाच पाठांची आहे आणि तिचा सगळा आधार नव्या करारातल्या दोन छोट्या उताऱ्यांवर आहे : तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय आणि तीताला लिहिलेल्या पत्राचा पहिला. मंडळीची जबाबदारी ज्याच्या हाती द्यायची तो माणूस कसा असावा, एवढाच दोहोंचा विषय. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या मराठी ख्रिस्ती घरांत हे उतारे कोणाला नवे नाहीत. दीक्षाविधीला, नव्या पाळकसाहेबांच्या स्वागताला, कमिटीच्या निवडणुकीआधीच्या रविवारी ते वाचले जातात. वाचून झाले की पुस्तक मिटते, आणि निवड दुसऱ्याच निकषांवर होते : संदेश किती रंगतो, गळा कसा आहे, इंग्रजी येते का, डायोसिसच्या कचेरीत वजन किती, आणि गावाकडून आपल्याच भागातला आहे की नाही. यातला एकही निकष त्या दोन उताऱ्यांत नाही.

कांजूरमार्गचेच पाहा. पूर्वेला जुने कांजूर गाव आणि त्याच्याभोवती उठलेल्या इमारती, पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्ग आणि पलीकडे पवई. एवढ्याशा पट्ट्यात कॅथलिक कुटुंबे आहेत, नगर-जालन्याकडच्या जुन्या मिशनांच्या परंपरेतली घरे आहेत, आणि भाड्याच्या खोलीत किंवा शाळेच्या हॉलमध्ये रविवारी भरणाऱ्या स्वतंत्र संगतीही आहेत. कोणाचा पुढारी बिशपांनी पाठवलेला, कोणाचा मतदानाने आलेला, तर कोणी स्वतःच बायबल उघडून उभा राहिलेला. पहिल्याला निदान वरून विचारणारा कोणीतरी असतो, शेवटच्याला कोणीच नसते. पण तिघांच्याही बाबतीत एक गोष्ट सारखी आहे. त्यांच्या चारित्र्याबद्दल आपल्याला जे ठाऊक असते ते बहुतेक त्यांनीच व्यासपीठावरून सांगितलेले असते. साक्षीची वेळ आली की साक्ष देणाराही तोच आणि जिच्याबद्दल द्यायची ती व्यक्तीही तोच. माझे म्हणणे थोडक्यात असे की पौलाने सेवकाच्या चारित्र्याची यादी दिली तेव्हा ही साक्ष त्याच्या तोंडून काढून घेतली आणि इतरांकडे सोपवली. आपण ती पुन्हा त्याच्याच हाती दिली आहे, आणि आपली बरीचशी दुखणी तिथून सुरू होतात.

यादी नीट वाचली तर पहिल्यांदा डोळ्यात भरते ते तिचे साधेपण. दर्शने, चमत्कार, उपासतापास यांचा पत्ता नाही. दारूच्या आहारी न जाणारा, मारकुटा नसलेला, पैशाचा लोभ नसलेला, भांडखोर नसलेला, घरी आलेल्याचे आगतस्वागत करणारा असा माणूस हवा आहे. यातले बरेचसे गुण कोणत्याही चाळीत चांगल्या शेजाऱ्याकडून अपेक्षित असतात. कौशल्य म्हणावे असे शिकवता येणे आणि घर सांभाळता येणे एवढेच. बाकी सगळे स्वभाव आणि वर्तन. पण या वर्तनाचा दाखला कुठून मिळवायचा हेही तिथेच सांगितले आहे. घर कसे चालवतो ते पाहा, बाहेरच्या लोकांत त्याचे नाव कसे आहे ते विचारा, नवशिका असेल तर थांबा, डीकनांना आधी पारखा आणि मग सेवा द्या. त्याला स्वतःला काय वाटते, देवाने त्याला कसे बोलावले, हे विचारायला मनाई नाही. पण यादी त्यावर अवलंबून नाही.

म्हणजे साक्षी तीन : घराची, हिशेबाची आणि बाहेरच्यांची. घराची साक्ष ही तिन्हींतली सर्वांत अवघड. कारण पाळकाच्या घरातल्या माणसांना बोलायची सोयच आपण ठेवलेली नाही. पाळकीणबाईंनी रविवारी पहिल्या बाकावर बसावे, स्त्रीमंडळ चालवावे, हसतमुख असावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. या पार्श्वभूमीवर मराठी ख्रिस्ती समाजाजवळ एक असा ग्रंथ आहे, ज्याचे या दृष्टीने फारसे वाचन झालेले नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, १९०४ साली त्यांना दीक्षा मिळाली, आणि महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्या आजही त्यांची गीते गातात. अशा माणसाचे घर आतून कसे होते ते त्यांच्या पत्नीने लिहिले : टिळकांचा शीघ्रकोप, न सांगता निघून जाणे, घरात आलेला पैसा बघता बघता दुसऱ्याच्या ओंजळीत घालणे, आणि हे सगळे झेलताना तिच्या वाट्याला आलेले दिवस. तीताच्या पत्रात सेवक रागीट नसावा असे स्पष्ट सांगितले आहे. त्या कसोटीला टिळक किती उतरले असते, हा प्रश्न भक्तिभावाने टाळण्यासारखा नाही. पण त्याच पुस्तकातून आणखी एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते : हा माणूस पैशाला चिकटला नव्हता. ही साक्ष टिळकांनी स्वतः दिली असती तर तिला कवडीची किंमत नव्हती. ज्या बाईला त्या उदारपणाची झळ लागली तिने दिली म्हणून ती पटते. घराची साक्ष अशी असते. ती देव्हाऱ्यात बसवत नाही आणि चव्हाट्यावरही आणत नाही. दोष आणि गुण एकाच श्वासात सांगते. आपल्या निवड समित्यांनी उमेदवाराच्या घरी जाऊन चहा घेतला आणि बोलण्याचा मान आधी घरच्यांना दिला, तरी खूप झाले.

दुसरी साक्ष हिशेबाची, आणि इथे जरा रेंगाळायला हवे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना पौलाने काय केले ते करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. एवढी रक्कम त्याने एकट्याने नेली नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला दुसरा माणूस दिला, आणि कारणही सांगून टाकले : पैशाच्या बाबतीत कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये, देवासमोर चोख असणे पुरेसे नाही, माणसांसमोरही असावे. प्रेषिताने स्वतःवर नेमलेला हा पहिला ऑडिटर. पुढच्या पिढीतही ही सावधगिरी टिकलेली दिसते. ‘दिदाखे’ नावाच्या अगदी जुन्या ग्रंथात फिरत्या उपदेशकासाठी नियम आहे की तो तीन दिवस मुक्काम ठोकून बसला किंवा पैसे मागू लागला तर तो खोटा संदेष्टा समजावा. (आपल्याकडच्या कन्व्हेन्शनना हा नियम लावला तर मंडपाचे भाडेही निघणार नाही.) दुसऱ्या शतकात स्मुर्ण्याचा बिशप पॉलिकार्प फिलिप्पैकरांना लिहितो तेव्हा वालेन्स नावाच्या वडिलाचे दुःख त्याला अनावर झाले आहे. लोभापायी त्याने आपली जागा गमावली होती. पॉलिकार्प त्याला पदावर परत बसवा म्हणत नाही आणि शत्रू माना असेही म्हणत नाही. भरकटलेला अवयव म्हणून त्याला परत जोडा, असे सांगतो. पद आणि माणूस यांतला हा फरक आपल्याला पुढे लागेल.

आपल्या राज्यात याच गोष्टीला कायद्याचे रूप आहे. मंडळीची मालमत्ता बहुधा सार्वजनिक न्यासाची असते आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली तिची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि कलम ३६नुसार आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून स्थावर मालमत्ता विकता येत नाही. बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. नियम आहेत, पण मंडळीतल्या किती जणांनी आपल्या न्यासाची नोंद डोळ्यांनी पाहिली आहे? मध्य रेल्वेच्या या पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव आला, तशी मिशनच्या काळातली कंपाउंडे, पाळकांची घरे, शाळांची मैदाने ही मोहाची ठिकाणे झाली. चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षे लटकलेला असला की जुने आणि नवे दोघेही स्वतःला विश्वस्त म्हणवतात, आणि त्या धुक्यात करार होतात. ज्या नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्याच नागपूरच्या विमानतळावर सप्टेंबर २०२२मध्ये तिचे तेव्हाचे मॉडरेटर, म्हणजे सर्वोच्च पदाधिकारी, यांना मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे विभागाने अटक केली. आरोप आर्थिक गैरव्यवहाराचे होते. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण आपल्या सर्वोच्च सेवकाबद्दल बाहेरच्या यंत्रणेने विचारले ते प्रश्न आपण आत का विचारले नव्हते, हे विचारायला निकालाची वाट पाहायचे कारण नाही.

याला इतिहासातले एक कारण आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत सुरू झाले. त्याचा खर्च बोस्टनच्या बोर्डाकडून येई आणि जाब विचारण्याचा अधिकारही पैशाबरोबर बोस्टनलाच राही. पाळक मिशनला उत्तरदायी, मिशनरी बोर्डाला. बाकावर बसलेल्या माणसाने थैलीत चार आणे टाकले तरी मंडळी आपल्या पैशावर चालते आणि म्हणून आपण विचारायचे, ही सवय त्याला लागली नाही. टिळकांना हे परावलंबन सलत होते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही स्वतंत्र संगत मांडली, त्यामागे ही खंतही होती. पुढे मिशनरी गेले, मालमत्ता राहिली आणि जाब विचारण्याची खुर्ची रिकामीच राहिली. आपल्या पुढाऱ्यांचे चारित्र्य परदेशी पुढाऱ्यांपेक्षा मुळातच हलके होते, असे मला म्हणायचे नाही. पाहणारा डोळा निघून गेला आणि त्या जागी आपला डोळा आला नाही, एवढेच.

तिसरी साक्ष बाहेरच्यांची, आणि नेमक्या याच ठिकाणी सर्वांत जोरदार आक्षेप येतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याच्याही आत. वातावरण असे तापलेले असताना आपल्या पुढाऱ्यांची लक्तरे वेशीवर टांगायची कशाला, आपल्या विरोधकांच्या हाती कोलीत का द्यायचे, असे कळकळीने विचारणारी माणसे आहेत आणि त्यांची भीती खोटी नाही. पण ज्या मंडळ्यांना तीमथ्याचे पत्र उद्देशून होते त्या आपल्यापेक्षा किती तरी लहान आणि असुरक्षित होत्या. तरीही, किंबहुना त्यामुळेच, बाहेरच्या लोकांत सेवकाचे नाव चांगले असलेच पाहिजे अशी अट तिथे आहे. अल्पसंख्याकांना झाकपाक परवडते हा समज उलटा आहे. बहुसंख्य समाजाचा एखादा पुढारी बदनाम झाला तर तो एकटा बदनाम होतो, आपला झाला तर सगळी मंडळी होते. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंकडे पाहा. वसईची हिरवाई वाचवण्याच्या ‘हरित वसई’ लढ्यात त्यांच्याबरोबर उभे राहणाऱ्यांत सगळे ख्रिस्ती नव्हते. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर एका धर्मगुरूने बसावे का, यावर काहींनी काहूर उठवले, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलणारे बहुसंख्य मराठी लेखक-वाचक चर्चच्या बाहेरचेच होते. अशी साक्ष संकटाच्या दिवशी ऐनवेळी जमवता येत नाही.

झाकपाकीचे मोल कोण चुकवते, हेही बोलले पाहिजे. कांजूरमार्गहून फार लांब नसलेल्या गोवंडीच्या शिवाजीनगरात २०१५ साली एका धर्मगुरूने तेरा वर्षांच्या मुलावर लैंगिक अत्याचार केला. विशेष पोक्सो न्यायालयाने २०२१ साली त्याला जन्मठेप सुनावली. दोन-तीन साक्षीदारांवाचून वडिलावरचा आरोप दाखल करून घेऊ नये, हे तीमथ्याच्या पत्रातले वाक्य अशा वेळी ढालीसारखे पुढे केले जाते. पण मुलावरच्या अत्याचाराला दुसरा साक्षीदार नसतोच; गुन्हेगार तशी वेळ निवडतो. शिवाय ते वाक्य मंडळीच्या आतल्या चौकशीबद्दल आहे, पोलिसांकडे जाण्याबद्दल नाही. २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९नुसार अशी घटना कळलेल्या प्रत्येकाने ती कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१खाली शिक्षा आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला ती अधिक कडक आहे. कॅथलिक चर्चमध्ये पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली अशा तक्रारी कळवण्याची सक्ती धर्मगुरूंवर घातली. स्वतंत्र संगतीत असा कोणताही आदेश वरून येणार नाही. तिथे कायदा माहीत असलेले आईबाप हेच संरक्षण.

त्याच वाक्याची दुसरी बाजू मात्र मी सोडणार नाही. पाळकांवर खोटे आळ येतात. कमिटीतल्या एका गटाला नको झालेल्या पाळकाचा पगार तीन-तीन महिने अडवून ठेवणे, क्वार्टरची दुरुस्ती मुद्दाम न करणे, निनावी पत्रे डायोसिसला धाडणे हे प्रकार मंडळीत वावरणाऱ्या कोणालाही ऐकून ठाऊक आहेत. ज्याला मुलाच्या फीसाठी खजिनदाराच्या तोंडाकडे पाहावे लागते, त्याच्याकडून निःस्पृहतेची अपेक्षा करणाऱ्यांनी आधी स्वतःचे वागणे तपासावे. पौलाची यादी डीकनांनाही लागू आहे, म्हणजे आजच्या भाषेत सेक्रेटरीला, खजिनदाराला आणि विश्वस्तांनाही. साक्षीदार मागण्याचा हेतू वडिलाला चौकशीतून सोडवणे हा नसून कुजबुजीतून सोडवणे हा आहे. लगेच पुढच्याच वाक्यात, जे पाप करीत राहतात त्यांची सर्वांसमक्ष कानउघाडणी करा, असे सांगितले आहे. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली तर आरोप नावानिशी, पुराव्यानिशी आणि उघड व्हावा, आणि निकालही उघड असावा, अशी पद्धत दिसते. आपल्याकडे आरोप पायरीवर होतात आणि निकाल बदलीच्या पत्रात दडवला जातो.

शास्त्र जाणणारे आणखी एक हरकत घेतात, आणि ती विचार करण्यासारखी आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटस-पंथीयांनी म्हटले की पतित धर्मगुरूच्या हातचा संस्कार खराच नव्हे. चर्चने ते नाकारले. ३१४ साली आर्लच्या सभेत आणि पुढे ऑगस्टीनने सविस्तर. संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्या हाताचा नाही. मग पाळकाच्या चारित्र्याची इतकी चिकित्सा म्हणजे तेच जुने पाखंड नव्हे का? नव्हे. ऑगस्टीनने जे वाचवले ते पाळकाचे पद नव्हते, मंडळीतल्या साध्या माणसाचे मन होते. ज्याच्या हातून माझा बाप्तिस्मा झाला तो पुढे चोर निघाला तर माझे काय, या भीतीतून त्याने लोकांना सोडवले. चोराला गादीवर ठेवा, असे तो म्हणाला नाही. इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांतले सव्विसावे कलम याच विषयाचे आहे, आणि आपल्याकडच्या अँग्लिकन मंडळ्यांनी तो वारसा दीडशे वर्षे बाळगला. त्या कलमाचा पहिला भाग सांगतो की सेवकाच्या दुष्टपणामुळे संस्काराचा परिणाम उणावत नाही. दुसरा भाग सांगतो की अशा सेवकांची चौकशी व्हावी, ज्यांना त्यांचे दोष माहीत आहेत त्यांनी तक्रार करावी, आणि दोषी ठरल्यास त्यांना पदच्युत करावे. पहिला भाग सांगून दुसरा गिळणाऱ्यांनी शास्त्राचे नाव घेऊ नये.

राहिला दावीद. पाळकाबद्दल काही बोलले की दावीद येतोच : त्यानेही पाप केले, देवाने त्याला क्षमा केली, मग आपण कोण? पण दावीदाच्या गोष्टीत नाथान आहे. राजाच्या समोर उभे राहून त्याच्याकडे बोट दाखवणारा माणूस त्या दरबारात होता, आणि राजाने त्याची बदली केली नाही. क्षमा मागितल्यावर मिळालीच पाहिजे, आणि ती ताबडतोब मिळावी. अधिकार परत मिळणे ही वेगळी गोष्ट आहे, तिला वेळ लागतो आणि काही बाबतींत ती कधीच होऊ नये. पॉलिकार्पने वालेन्सच्या बाबतीत नेमके हेच केले. ज्याने अपहार केला त्याच्या हाती पुन्हा थैली देणे ही त्याच्यावर दया नाही, त्याची परीक्षा पाहणे आहे.

अँग्लिकन दीक्षाविधीत एक क्षण येतो. बिशप लोकांकडे वळून विचारतात की या उमेदवाराविरुद्ध कोणाला काही गंभीर दोष किंवा अडथळा ठाऊक असेल तर त्याने पुढे येऊन सांगावे. कॅथलिक विधीतही, लोकांत चौकशी झाल्याचे आणि उमेदवार योग्य ठरल्याचे मोठ्याने सांगावे लागते. प्रश्न उत्तम आहे. वेळ चुकीची आहे. त्या क्षणी नवे झगे घातलेले उमेदवार समोर उभे असतात, गावाहून गाडी करून आलेले नातेवाईक मागे बसलेले असतात, बाहेर पातेली चढलेली असतात. अशा वेळी कोण उठणार? तो प्रश्न दोन महिने आधी, जिथे तो माणूस राहिला त्या गल्लीत, जिथे त्याने उमेदवारी केली त्या मंडळीत, त्याच्या शाळेतल्या सहकाऱ्यांना आणि शेजारच्या बिगरख्रिस्ती कुटुंबाला विचारला गेला पाहिजे. पुस्तिकेतले पाच पाठ हे प्रश्न कसे विचारावेत याचीच तालीम आहेत. प्रत्येक पाठाच्या शेवटी चर्चेसाठी जागा सोडली आहे. ती कोणा एका पुढाऱ्याला नावे ठेवण्यासाठी वापरू नये, अशी विनंती आहे.

आणखी एक विनंती. पहिल्या पाठाला बसण्यापूर्वी आपल्या मंडळीच्या सेक्रेटरींकडून न्यासाचा नोंदणी क्रमांक, शेवटचा चेंज रिपोर्ट आणि मागच्या वर्षीचे ऑडिट मागून घ्या. स्वतंत्र संगत असेल आणि न्यासच नसेल, तर अर्पण कोणाच्या नावाच्या खात्यात जमा होते एवढे विचारा. कागद मिळाले तर गटात मोठ्याने वाचा. मिळाले नाहीत, तर कोणी दिले नाहीत आणि काय कारण सांगितले ते तारखेसह लिहून ठेवा, आणि मगच पहिला पाठ उघडा.